ऊन रजेवर गेल्यावर

ताई, नमस्कार.

पत्र लिहायलाही संकोच वाटतोय, कारण तक्रार पावसाबद्दल आहे. आमचा भाग उन्हाचा. वर्षातले तीनशे दिवस तरी लख्ख ऊन, आणि पाऊस म्हणजे चार सरी टाकून निघून जाणारा पाहुणा. यंदा मात्र सात आठवडे झड लागली आहे. सलग दोन दिवसांची उघडीप मिळालेली नाही. कपडे वाळत नाहीत, वाळले तरी कुबट वास जात नाही. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. गच्चीतून झोपायच्या खोलीत ओल उतरली आहे. दरवाजे फुगून लागेनासे झालेत. मुलगा दहा वर्षांचा, दिवसभर घरात डोकं खातो. सासरे रोज सकाळी तासभर अंगणात उन्हात बसायचे, ते आता खोलीतून बाहेरच येत नाहीत. नवरा रोज सकाळी खिडकीतून आभाळ बघतो आणि म्हणतो, "उद्या उघडेल." त्यामुळे ना दुरुस्ती, ना काही खरेदी. आणि मला तर सकाळी उठावंसंच वाटत नाही. कुणाकडे बोलले की उत्तर ठरलेलं: "पाण्यासाठी रडत होतात, आता पडतोय तर कुरकुर!" मी कृतघ्न आहे का? आणि हे दरवर्षी असंच होणार असेल तर घर चालवायचं कसं?

— उन्हाला पारखी झालेली

*

उन्हाला पारख्या झालेल्या मैत्रिणी,

तुम्ही कृतघ्न नाही. हे आधी मिटवून टाकू, म्हणजे भिंतीकडे वळता येईल.

पावसाचं जे कौतुक लोक तुम्हाला ऐकवतात, ते बहुतेक पहिल्या पावसाचं असतं. मृद्गंधाचंच बघा. त्या वासाला इंग्रजीत 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. कोरड्या दिवसांत वनस्पतींमधून निघणारी तेलं माती-दगडांत मुरतात आणि पाऊस पडला की हवेत सुटतात, असं त्यांनी दाखवलं. मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्यही त्या वासात असतं. म्हणजे तो वास यायला आधी कोरडे दिवस जावे लागतात. सातव्या आठवड्यात मृद्गंध येत नाही, मोज्यांचा वास येतो. तुम्हाला उपदेश करणाऱ्यांना हे खुशाल सांगा.

दुसरा दाखला आणखी बोलका आहे. अटाकामा हे जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. त्याच्या अगदी कोरड्या गाभ्यात २०१७ मध्ये पाऊस पडून तळी साचली. पाणी आलं म्हणजे तिथल्या मातीतले जीव तरारून उठतील, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. संशोधकांना दिसलं ते उलटं, आणि २०१८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या मातीत तग धरून राहिलेल्या सूक्ष्मजीवांच्या बहुतेक प्रजाती तळ्यांमधून नाहीशा झाल्या होत्या. थेंबभर पाण्यावर जगायला सरावलेल्या पेशींमध्ये एकदम पाणी शिरलं आणि त्या टिकल्या नाहीत. कोरड्याची सवय असलेल्याला पाणी सोसायला शिकावं लागतं. तुमचं घर, तुमचं कपाट, तुमचे सासरे आणि तुम्ही, सगळे सध्या तेच शिकताय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या तक्रारी सुट्या सुट्या वाटतात, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुमच्या घरी एक गडी बिनपगारी राबत होता. तो कपडे वाळवायचा, गाद्या खडखडीत करायचा, भिंतींतली ओल ओढून घ्यायचा, गच्चीवरचं पाणी उडवून टाकायचा, मुलाला बाहेर काढायचा, सासऱ्यांना सोबत करायचा आणि तुम्हाला वेळेवर उठवायचा. त्याचं नाव ऊन. तो रजेवर गेला आणि त्याची सगळी कामं तुमच्या एकटीच्या अंगावर पडली. घरातल्या कुणाच्या हे लक्षातही आलं नाही, कारण तो काम करत होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही दमलाय. तेव्हा पाऊस कसा सोसायचा हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या गड्याची कोणती कामं आता कुणाकडे द्यायची, एवढंच ठरवायचं आहे.

सुरुवात हवेपासून करते, कारण बाकीचं बरंच काही तिच्यावर ठरतं.

पाऊस पडतोय म्हणजे बाहेर ओल, म्हणून खिडक्या घट्ट बंद, असं बहुतेक घरांत चालतं. तुमच्याकडेही चालत असणार. पण आर्द्रतेचा आकडा फसवा असतो. गार हवेत मुळात कमी वाफ मावते. समजा बाहेर १८ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ९५ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं, पण अशा एक घनमीटर हवेत जेमतेम साडेचौदा ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन २६ अंशांवर गेली की तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास येते. उलट बंद घरात आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, चार माणसांचे श्वास आणि दोरीवरचे ओले कपडे मिळून ८० टक्केही सहज गाठतात. म्हणून बाहेर घरापेक्षा स्पष्ट गारवा असेल तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटं सताड उघडा. पावसाचा झोत ज्या बाजूने येत नाही, त्या बाजूच्या निवडा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बाहेरची हवाही घराइतकीच उबदार आणि दमट असेल तर मात्र खिडकी उघडून काही साधत नाही, तेव्हा यंत्राला पर्याय नाही.

एक छोटा आर्द्रतामापक घ्या. घड्याळाएवढा असतो, महागही नसतो. तुमच्या नवऱ्याशी वाद घालायला याहून चांगलं साधन नाही. आकडा ६० च्या खाली राहिला तर बुरशीला जम बसवणं अवघड जातं, पन्नाशीत आला तर उत्तमच. ७०-८० वर दिवसेंदिवस राहिला तर कपाटामागे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

आता कपडे. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात अजून साधारण दोन लिटर पाणी असतं. ते कपडे तुम्ही झोपायच्या खोलीत दोरीवर टाकले, म्हणजे दोन लिटर पाणी हवेत सोडलंत. ते जाणार कुठे? गार भिंतीवर. म्हणून दोन गोष्टी करा. एक, मशीनचं पिळणं दुसऱ्यांदा लावा. हवेत जाणारं पाणी तिथेच कमी होतं, आणि पिळायला वीज फारशी लागत नाही. दोन, घरातली एकच खोली कपड्यांची ठरवा. शक्यतो लहान, दार बंद होणारी आणि कुणी झोपत नाही अशी. तिथे पंखा सुरू, कपड्यांमध्ये चार बोटांचं अंतर, जाड कपडे उलटे करून. आणि त्या खोलीत डिह्युमिडिफायर.

या यंत्राबद्दल तुमच्या नवऱ्याचं मत काय असेल याचा अंदाज आहे मला: "चार दिवसांसाठी कशाला?" चार दिवस होऊन गेले, त्यांना सांगा. हे यंत्र हवा गार नळीवरून फिरवतं, वाफेचं पाणी होतं आणि टाकीत जमा होतं. पहिल्या संध्याकाळी ती भरलेली टाकी त्यांच्यासमोर ओता. माणसं आकड्यांपेक्षा बादलीवर लवकर विश्वास ठेवतात. घरात एसी असेल तर त्याचा 'ड्राय मोड' हेच काम काही प्रमाणात करतो, आधी तो वापरून बघा. मिठासारखी दिसणारी, ओल शोषणाऱ्या खड्यांची डबी कपाटाच्या एका कप्प्याला पुरते. तिच्याकडून खोलीची अपेक्षा ठेवू नका.

वासाचं कारण साबण कमी पडणं नव्हे. २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की ओल्या कपड्यांच्या त्या ओळखीच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो. कपडा जितका वेळ ओलसर, तितकी त्याची चैन. अत्तर, सुगंधी द्रव वगैरे त्यावर ओतून उपयोग नाही, दोन वासांचं भांडण फक्त आपल्या नाकाला ऐकू येतं. कापड सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा, लगेच वाळत घाला, आणि किंचित दमट असतानाच कडक इस्त्री फिरवा. टॉवेल आणि मोजे आधी, बाकी नंतर. पायांच्या बोटांत चिखल्या व्हायला लागल्या असतील तर मोजे रोज इस्त्री झालेच पाहिजेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या गेल्या पाहिजेत.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, किंवा गॅस तसाच जळत ठेवून कपडे वाळवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. गॅस जळतानाही वाफच तयार होते, म्हणजे ओल काढायला ओल आणल्यासारखंच.

कपाटामागचे काळे ठिपके ही बुरशी आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असणार. ती भिंत गार, मागची हवा अडकलेली, त्यामुळे वाफ तिथेच थंड होऊन बसते. कपाट चार बोटं पुढे ओढा. ही एवढीशी गोष्ट अर्धा प्रश्न सोडवते. मग मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्याने भिंत पुसा आणि पूर्ण कोरडी करा. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात संडास साफ करायचं आम्लाचं द्रावण किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. बुरशीवर रंग मारायचा मोह आवरा. रंगाखाली ती जिवंत राहते आणि महिन्याभरात पोपडे धरून बाहेर येते. ठिपके साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त पसरले असतील, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर हे काम घरच्यांनी करू नये. आणि पुढे जे काही भिजेल, गादी, सतरंजी, पुस्तकं, ते एक-दोन दिवसांच्या आत कोरडं झालं पाहिजे. बुरशीला रुजायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

गच्चीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. आत्ता वॉटरप्रूफिंग करू नका. या एका बाबतीत तुमचा नवरा बरोबर आहे, भले कारण चुकीचं असेल. ओल्या स्लॅबवर बहुतेक लेप धरत नाहीत. खालचं पाणी वाफ होऊन लेपाला फुगे आणतं आणि पैसे पाण्यात जातात, शब्दशः. आत्ता करायचं काम फुकटचं आहे. वर जा आणि पाणी जायच्या तोट्या, जाळ्या, पन्हळी मोकळ्या करा. उन्हाच्या भागात वर्षभर धूळ, पानं, पक्ष्यांच्या काड्या साचत राहतात आणि त्यांच्याकडे बघायची कधी वेळ येत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीत दहा सेंटिमीटर पाणी तुंबलं तर पाच टन वजन तुमच्या डोक्यावर उभं राहतं. ओल पाझरायला तेच निमित्त पुरतं. तोट्या मोकळ्या झाल्या की ज्या भागात तडे दिसतात तिथे उतार देऊन ताडपत्री बांधा. खाली खोलीत ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. पाणी वरून शिरतं एकीकडे आणि स्लॅबमधून वाट काढत उतरतं भलतीकडे. पुढे कारागीर येईल तेव्हा या रेघा त्याच्या कितीतरी अंदाजांपेक्षा उपयोगी ठरतील.

ओल दिव्याच्या किंवा बटणांच्या जवळ पोचली असेल तर त्या खोलीची वीज आजच बंद करा, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. ईएलसीबी बसवलेला नसेल तर या एका खर्चासाठी नवऱ्याची संमती मागत बसू नका. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तो वीज तोडतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

दरवाजे फुगलेत. त्यांना रंधा मारू नका. माझं ऐका, मी मारला आहे. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं आणि कोरडं झालं की परत आकसतं. अशाच एका दमट वर्षी मी सुताराला बोलावून दार छान तासून घेतलं होतं. आता त्या फटीतून पाल न वाकता ये-जा करते. कडेला मेणबत्ती घासा, दार थोडं कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आता तुमच्या सकाळकडे. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, आणि डोळे त्या बाबतीत आपल्याला फसवतात. घरात दिवे लावले की आपल्याला वाटतं पुरेसा उजेड आहे. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या लख्ख उन्हात तो लाखाच्या घरात जातो. घरात ट्यूबलाइटखाली बहुधा शंभर ते तीनशे. आणि ढगाळ दिवशी बाहेर? काही हजार, कधी दहा हजारांपर्यंत. म्हणजे ज्या मळभाला आपण अंधार म्हणतो ते तुमच्या दिवाणखान्याच्या दहापट तरी उजळ असतं. ऊन नाही म्हणून तुम्ही घरात राहिलात, आणि होता तो उजेडही गमावलात. उठल्यावर पहिल्या तासात वीस-तीस मिनिटं बाहेर काढा. छत्री घेऊन चाला, ते नको असेल तर वळचणीला उभ्या राहा, गॅलरीत खुर्ची टाका. पागोळ्या बघत चहा घ्या किंवा काही न करता बसा, डोळ्यांना आभाळ दिसलं पाहिजे, बस. पहिले चार दिवस काही फरक वाटणार नाही. तरी करा.

उजेडाने उदासी हलकी होते ही नुसती समजूत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या ऋतुजन्य नैराश्याचं वर्णन केलं. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा उपचार आजही वापरतात. तुमचं दुखणं तेच आहे असं मी म्हणत नाही. तो आजार हिवाळ्यातल्या लहान दिवसांशी जोडलेला आहे आणि निदान करणं डॉक्टरांचं काम. असा दिवा आणायचा विचार असेल तर डोळ्यांचा आजार किंवा मनाच्या तीव्र चढउतारांचा इतिहास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एक मोजमाप तुमच्याजवळ असू द्या. मन बहुतेक वेळ खाली, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं सलग दोन आठवडे चाललं असेल तर पावसाला दोष देत थांबू नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. ऊन पडल्यावर बरं वाटेल, या भरवशावर ते पुढे ढकलायचं नाही.

सासऱ्यांचं काय गेलं? ऊब गेली हे खरं. पण मला वाटतं त्यांची जागा गेली. अंगणातल्या त्या तासात त्यांना येणारे-जाणारे दिसायचे, कुणी हाक मारायचं, घराच्या हालचालीत ते असायचे. खोलीत ते नुसते आहेत. त्यांना "बाबा, बाहेर या" असं मोघम म्हणू नका, ते येणार नाहीत. त्यांची तीच खुर्ची, त्याच वेळी, दाराजवळ किंवा रस्ता दिसेल अशा खिडकीशी मांडा आणि त्यांना एखादं काम द्या. आर्द्रतेचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपायचं काम त्यांचं. पावसाची नोंदही. सरळ कडांचं, सपाट तळाचं भांडं उघड्यावर ठेवायचं आणि पट्टीने मिलीमीटर मोजायचे. नातवाला मदतनीस म्हणून देऊन टाका. दहा वर्षांच्या मुलाबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. त्याला रेनकोट घालून रोज एकदा चिखलात सोडा, विजा कडाडत नसतील तेव्हा. तो भिजल्याने आजारी पडणार नाही, भिजलेल्या कपड्यांत तासभर बसला तर मात्र कुडकुडेल. सासऱ्यांच्या वाटेवरची फरशी कोरडी ठेवा आणि त्यांच्या चपलेचे तळ बघा, गुळगुळीत झाले असतील तर बदला. म्हातारपणी एक घसरणं फार महाग पडतं. त्यांचं ड जीवनसत्त्वही एकदा तपासून घ्या, वयानुसार ते कातडीत कमी तयार होतं आणि आता तर ऊनही नाही.

घराबाहेरचं थोडक्यात. कोरड्या भागातली टणक माती पाणी चटकन पीत नाही, म्हणून कोरडे ओढे बघता बघता वाहायला लागतात. वाहतं पाणी तीस सेंटिमीटर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते. रस्ता ओळखीचा असला तरी पाणी ओळखीचं नसतं, परत फिरा. आणि आठवड्यातून एक दिवस घराभोवतीची सगळी भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर कोरडे करा. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात-दहा दिवस लागतात. कोरडी अंडीही महिनोन् महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतू नका, भांडं घासा.

"उद्या उघडेल" या वाक्याशी कसं वागायचं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. तुमचा नवरा आळशी आहे असं मला वाटत नाही. ज्याने आयुष्यभर उन्हाचा भाग पाहिला त्याच्यासाठी हा अनुभवाचा अंदाज आहे, आणि आजवर तो बरोबरही आला असेल. अडचण अशी की रोज एका दिवसापुरता विचार केला तर कोणतीच दुरुस्ती परवडत नाही. म्हणून त्यांच्याशी उद्यावर वाद घालू नका, आठवड्यावर करार करा. दर रविवारी सात दिवसांचा हवामान अंदाज एकत्र बघायचा. चार किंवा जास्त दिवस पाऊस दिसला तर यादीतलं पुढचं एक काम त्या आठवड्यात करायचंच. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज आता बराच भरवशाचा असतो, दहा दिवसांच्या पुढचा छापा-काट्यासारखा, तेव्हा त्यावर दोघांनीही भांडायचं नाही.

दरवर्षी असंच होईल का? एका वर्षावरून ते सांगता येत नाही. हवामानाची सरासरी तीस वर्षांवर काढतात, आणि अधूनमधून एखादं वर्ष बिथरतंच. १९९७-९८ च्या एल निन्योत, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या काळात, पेरूच्या सेचुरा वाळवंटात एवढा पाऊस पडला की तिथे विस्तीर्ण सरोवर उभं राहिलं, आणि पुढे आटूनही गेलं. पण तापमानवाढीचा एक साधा हिशेब आहे: हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. त्यामुळे पडतो तेव्हा जोरात पडायची शक्यता वाढते, कोरड्या भागातही. संयुक्त अरब अमिरातीत एप्रिल २०२४ मध्ये एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलीमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींतला तो सर्वाधिक. दुबईचे रस्ते आणि विमानतळ पाण्याखाली गेले.

म्हणून घर पावसाळी प्रदेशासारखं नव्याने बांधायला घेऊ नका, पण जे ऊन आणि पाऊस दोन्हीत कामाला येतं त्यावर खर्च करा. खिडक्यांवर रुंद छज्जे दोन्ही अडवतात. गच्चीचा उतार नीट करून घ्या, पण कोरड्या दिवसांत. आणि पन्हळीचं पाणी टाकीत घ्या. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलीमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर, थोडं सांडलवंड धरा. "पाण्यासाठी रडत होतात" म्हणणाऱ्यांना मग टाकीचं झाकण उघडून दाखवा. कुरकुर आणि साठवण एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

ऊन परत येईल त्या दिवशी सगळं घर एकदम अंगणात काढायचा झटका तुम्हाला येईल. पहिल्या दिवशी फक्त गाद्या-उशा आणि कपाटाची उघडी दारं. धुळीतले सूक्ष्म किडे हवेतल्या ओलीवर जगतात, गाद्या खडखडीत झाल्या की त्यांचं अवघड होतं. पुस्तकं आणि लाकडी सामान थेट उन्हात नको, सावलीतल्या वाऱ्यात ठेवा, नाहीतर वाकतील. भिंतीला रंग इतक्यात नको. पेन्सिलच्या रेघा जागच्या थांबल्यात आणि भिंत हाताला कोरडी लागतेय असे बरेच आठवडे जाऊ द्या, मग गच्ची, आणि मग रंग.

त्या सकाळी नवरा खिडकीत उभा राहून म्हणणारच, "बघ, म्हटलं होतं ना, उघडेल!" त्यांना म्हणू द्या, आणि त्यांच्या हातात गादीचं एक टोक द्या.

तुमची,
ताई